उगमाची जबाबदारी : मावळातील पाणी, शेती आणि रासायनिक प्रदूषण

लोणावळ्याजवळ, कुरवंडे गावाच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर इंद्रायणीचा उगम होतो. कामशेत, वडगाव, तळेगाव हा मावळचा पट्टा मागे टाकून ती देहूस येते, पुढे आळंदीस जाते आणि सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करून तुळापूर येथे भीमेस मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. तेथून ते शेतीस व सोलापूर शहरास पुरविले जाते आणि पात्रातून पुढे वाहत पंढरपुरास पोहोचते, तेव्हा त्यास चंद्रभागा म्हणतात. देहू व आळंदी येथून निघणाऱ्या पालख्या ज्या पंढरपूरची वाट चालतात, त्याच पंढरपूरकडे मावळचे पाणीही आपल्या वाटेने जात असते.

या प्रवासात नदी काय काय वाहून नेते, हा आता लोकांच्या आरोग्याचा प्रश्न झाला आहे. २०२३ व २०२४ या वर्षांत आळंदी येथे इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना अनेक वेळा दिसले. घाटावर स्नानासाठी आलेल्या वारकऱ्यांना त्या फेसातच उतरावे लागले. त्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली आणि चिंता व्यक्त झाली. तथापि फेस हा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. पाण्यात विरघळलेला नायट्रेट, मातीत मुरलेले कीटकनाशक आणि रस्त्याकडेच्या धुळीत मिसळलेले शिसे ही दिसत नाहीत. त्यांना वास असतोच असे नाही व चवही असतेच असे नाही. माणसाच्या शरीरात ती कशी शिरतात, तेथे काय करतात आणि त्यांना उगमापाशीच कसे अडविता येईल, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जंतू आणि रसायन

पाण्याच्या शुद्धीकरणाविषयी ग्रामीण भागात जी जागृती झाली आहे, ती प्रामुख्याने जंतूंविषयी आहे. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकणे, ओ.टी. चाचणीने पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासणे, पावसाळ्यात पाणी उकळून पिणे या गोष्टी आता बहुतेक गावांना परिचित आहेत. पटकी, कावीळ, विषमज्वर यांसारख्या रोगांपासून या उपायांनी असंख्य जीव वाचविले आहेत आणि ते यापुढेही चालू राहिले पाहिजेत.

परंतु येथेच एक गैरसमज रूढ झाला आहे. उकळलेले पाणी सर्व दृष्टींनी शुद्ध, असे मानले जाते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, शिसे किंवा पारा मरत नाही, कारण तो सजीवच नाही. उलट उकळताना काही पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात या द्रव्यांचे प्रमाण किंचित वाढते. क्लोरीनचाही त्यांवर इलाज चालत नाही. तुरटी फिरवून गढूळपणा खाली बसतो, पण पाण्यात विरघळलेला नायट्रेट तसाच राहतो. जंतूंचा बंदोबस्त घरात करता येतो. रसायनाचा बंदोबस्त ते पाण्यात मिसळण्यापूर्वीच करावा लागतो, आणि या दोहोंतील हा फरक पंचायतीच्या प्रत्येक सदस्याने ध्यानात ठेवावयास हवा.

भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी आय.एस. १०५०० हे मानक ठरविले आहे. त्यानुसार एका लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा, शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. एक मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. पाऱ्याची मर्यादा त्या मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागाएवढी आहे. एवढ्या सूक्ष्म प्रमाणाची दखल घ्यावी लागते, यावरूनच या द्रव्यांच्या सामर्थ्याची कल्पना यावी.

विष शरीरात कसे शिरते

विषारी द्रव्य शरीरात तीन मार्गांनी प्रवेश करते : अन्नपाण्यातून, श्वासातून आणि त्वचेतून. पहिला मार्ग सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याकडे धुराच्या निमित्ताने अधूनमधून लक्ष जाते. तिसऱ्याचा मात्र सहसा विसर पडतो. घामाने ओली झालेली, भाताच्या पात्याने किंवा गुलाबाच्या काट्याने खरचटलेली त्वचा कीटकनाशक वेगाने शोषून घेते.

परिणामही दोन प्रकारचे असतात. अधिक मात्रा एकदम शरीरात गेली तर काही मिनिटांत वा तासांत विषबाधा होते. ती दिसते, तिची नोंद होते आणि तिच्यावर उपचार होतात. अल्प मात्रा वर्षानुवर्षे जात राहिली तर परिणाम हळूहळू प्रकट होतो. मूत्रपिंड दुर्बल होते, मज्जासंस्थेत बिघाड होतो, काही द्रव्यांमुळे कर्करोगाचा धोका वाढतो. अशा रोग्याच्या आजाराचा संबंध दहा वर्षांपूर्वीच्या पाण्याशी किंवा फवारणीशी सहसा कोणी जोडत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरील गावाचे आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त पाणी उपसागरात सोडले जात होते. समुद्राच्या अफाट पाण्यात ते विरून जाईल, असा समज होता. प्रत्यक्षात पाऱ्याचे सेंद्रिय संयुग सूक्ष्म जीवांत, त्यांच्यावर जगणाऱ्या लहान माशांत, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत, असे टप्प्याटप्प्याने साठत व वाढत गेले आणि अखेर कोळी कुटुंबांच्या ताटात आले. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय लुळे पडणे, वाचा व दृष्टी जाणे अशी त्याची लक्षणे होती. काही मातांना स्वतःला फारसा त्रास झाला नाही, परंतु त्यांच्या पोटी जन्मलेली मुले आजन्म पंगू राहिली. पाण्यात सोडलेले सर्वच काही पाण्यात विरून जात नाही, हे जगाला या गावाने दाखवून दिले.

फेस, जलपर्णी आणि आटलेला प्रवाह

लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यत्वे चार महिन्यांत. त्या काळात इंद्रायणी दुथडी भरून वाहते आणि तिच्यात मिसळलेली घाण विरळ होते. उरलेल्या आठ महिन्यांत प्रवाह रोडावतो, परंतु वस्त्यांचे सांडपाणी मात्र तेवढेच येत राहते. मावळात पर्यटन वाढले, बंगले व उपाहारगृहे उभी राहिली, तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या भोवती उद्योग व वसाहती विस्तारल्या. नदीची वहनशक्ती मात्र वाढली नाही.

आळंदीचा फेस मुख्यतः कपडे व भांडी धुण्याच्या चूर्णांतील आणि औद्योगिक सांडपाण्यातील फेसकारक द्रव्यांमुळे होतो. बंधाऱ्यावरून पाणी खाली आदळले की तो उसळून वर येतो. या चूर्णांतील फॉस्फेट आणि मैल्यातील नायट्रोजन हे वनस्पतींचे खाद्य असल्यामुळे नदीवर जलपर्णी माजते. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो. हा वापर मोजण्याच्या परिमाणास जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, थोडक्यात बी.ओ.डी., म्हणतात. स्नानास योग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे. प्राणवायू घटला की मासे मरतात. मेलेले मासे पात्रात दिसणे ही नदीकाठच्या गावासाठी धोक्याची पहिली घंटा होय.

विहिरींचीही तीच गोष्ट आहे. मावळचा खडक काळा पाषाण असून त्याच्या भेगांतून पाणी दूरवर जाते. शोषखड्डा किंवा शौचालयाची टाकी विहिरीच्या अगदी जवळ असेल तर मैल्यातील नायट्रेट विहिरीत उतरतो. तान्ह्या बालकाच्या पोटात असे पाणी दुधाच्या भुकटीबरोबर गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि त्याचे ओठ व नखे निळसर पडतात. यास्तव शोषखड्डा व विहीर यांत किमान १५ मीटर अंतर राखणे इष्ट होय.

भातखाचरात आणि गुलाबाच्या घरात

भात हे मावळचे मुख्य पीक. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या भाताच्या वाणास याच नदीचे नाव मिळाले आणि इंद्रायणी तांदूळ घराघरांत पोहोचला. गेल्या काही दशकांत तळेगाव व पवन मावळ परिसरात हरितगृहांतील गुलाबशेतीही भरभराटीस आली. फेब्रुवारीच्या मध्यास येथील फुले परदेशी रवाना होतात. या दोन्ही शेतींत खते व कीटकनाशके यांचा वापर होतो आणि त्यांचा पहिला परिणाम फवारणी करणाऱ्यावर होतो.

हरितगृह बंदिस्त व दमट असते. फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब तेथील हवेत बराच वेळ रेंगाळतात आणि पानांवर बसलेला अंश फुले तोडणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रियांच्या हातांना लागतो. अनेक कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील असतात. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे संदेश पोहोचल्यानंतर तो थांबविणारे एक विकर शरीरात असते. ही औषधे ते विकर निकामी करतात. संदेश थांबतच नाही. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.

हा धोका काल्पनिक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी त्या वर्षी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावर व तोंडावर येत होता, अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती आणि हातमोजे व मुखपट्टी यांचा अभाव होता. हरितगृहातील दाट, उंच गुलाबांमध्ये फवारणाऱ्याची स्थितीही याहून फार वेगळी नसते.

कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनी चिन्हातील त्रिकोणाचा रंग हीच पहिली सूचना असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. हे चार रंग गावातील निरक्षर मजुरासही शिकविता येतात. फवारणी वाऱ्याच्या दिशेने व सकाळी किंवा सायंकाळी करावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे व मुखपट्टी वापरावी. फवारणीनंतर डब्यावर सांगितलेला काळ संपेपर्यंत आणि हवा खेळती होईपर्यंत हरितगृहात कोणासही पाठवू नये. पंप ओढ्यात धुऊ नये. रिकाम्या डब्यात पाणी, तेल वा धान्य कदापि साठवू नये.

विषबाधा झाल्यास रोग्याला मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे, बळजबरीने उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांना ॲट्रोपिनसारखे उताऱ्याचे औषध विनाविलंब देता येते.

खतांच्या बाबतीत चारसूत्री भातशेतीचा मार्ग मावळास सोयीचा आहे. शेतीशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारिलेल्या या पद्धतीत युरिया व डीएपी यांच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचल्या जातात. वरून फेकलेला युरिया पहिल्याच मोठ्या पावसात खाचरातून ओढ्यात जातो. खोचलेली गोळी मुळांपाशी हळूहळू विरघळते. शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि नदीत जाणारा नायट्रोजनही कमी होतो. आरोग्य आणि उत्पन्न यांचे हित येथे एकच आहे.

धूर आणि धूळ

मुंबई-पुणे मार्गावरील वाहतूक घाट चढताना इंजिनावर अधिक ताण येतो आणि धूरही अधिक निघतो. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची प्रथा देशात २००० साली बंद झाली आणि २०२० पासून वाहनांसाठी अधिक कडक निकष लागू झाले, ही समाधानाची बाब होय. परंतु शिसे हा धातू असल्याने तो कुजून नाहीसा होत नाही. जुन्या रस्त्याकडेच्या मातीत तो टिकून राहू शकतो. जुन्या रंगांच्या पोपड्यांतूनही तो मुलांच्या पोटात जातो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिशाची अगदी अल्प मात्राही बाधक ठरते आणि बुद्धी व एकाग्रता यांचे नुकसान सहसा भरून येत नाही. शाळेच्या पटावर जो मुलगा मंद म्हणून नोंदला जातो, त्याच्या मंदपणाची कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी हे एक कारण टाळता येण्याजोगे आहे.

कचरा जाळणे ही दुसरी सवय. सुट्टीच्या दिवसांनंतर लोणावळ्याच्या परिसरात साचणारा प्लास्टिकचा कचरा पेटविला की तो दृष्टिआड होतो, पण हवेत जातो. पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकच्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी अतिघातक संयुगे निर्माण होतात. ती राखेतून व गवतातून जनावरांच्या चरबीत आणि दुधात उतरतात. घरातील धोकाही विसरता येत नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर किंवा दारेखिडक्या लावून पेटविलेली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन वायू निघतो. रक्तातील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही.

कायदा काय सांगतो

या विषयात महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकले होते. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा स्वतंत्र कायदा १९६९ मध्ये झाला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा त्यानंतर १९७४ मध्ये, तर वायुप्रदूषणविषयक कायदा १९८१ मध्ये आला. भोपाळ येथे १९८४ च्या डिसेंबरात मिथिल आयसोसायनेट वायूच्या गळतीने हजारो लोकांचा बळी गेल्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. कीटकनाशकांचा १९६८ चा कायदाही अशाच एका आघातातून जन्मला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनचा संसर्ग झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. कीटकनाशकांच्या विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकार याच कायद्याने राज्य शासनास दिला आहे. कायदे असे मृत्यूंनंतर झाले. त्यांची अंमलबजावणी तरी मृत्यूपूर्वी व्हावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

पंचायत आणि शाळा यांचे काम

ग्रामपंचायतीच्या हाती यंत्रसामग्री थोडी असली तरी नजर असते. गावातील जलसुरक्षक व प्रशिक्षित महिला क्षेत्रीय तपासणी संचाने नायट्रेट, फ्लोराइड, क्षारता इत्यादींची प्राथमिक तपासणी करू शकतात. कीटकनाशके व जड धातू मात्र या संचाने कळत नाहीत. त्यांसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. नमुना पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर घ्यावा आणि त्याचा निकाल पंचायतीच्या फलकावर लावावा. ओढ्याच्या पाण्याचा रंग बदलणे, मासे मरणे, रात्री टँकरमधून पाणी ओतले जाणे यांची तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि ती माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावी. तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी तक्रारीचे उत्तर मागता येते. ज्या दिवशी तक्रार, त्याच दिवशी नमुना, हा नियम पाळला पाहिजे, कारण वाहते पाणी पुरावा घेऊन पुढे जाते.

शिक्षकांचे साहाय्य यात फार मोलाचे ठरेल. डब्यावरील चार रंग, उकळण्याची मर्यादा, कचरा न जाळण्याचे कारण या गोष्टी मुलांना समजल्या तर त्या संध्याकाळी घरी पोहोचतात. शाळेतील तापमापक फुटला तर पाऱ्याचे थेंब मुलांना हाताळू देऊ नयेत व झाडूने पसरवू नयेत. खिडक्या उघडून ते कागदाच्या कडेने गोळा करावेत आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. लोणावळा ते तुळापूर हा नदीचा नकाशा वर्गात लावून त्यावर आपले गाव दाखविले, तरी वरच्या गावाकडून काय येते आणि खालच्या गावाला काय दिले जाते, हा प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतील.

डोंगरमाथ्यावरील वस्तीला पाणी प्रथम मिळते. साहजिकच ते निर्मळ ठेवण्याचे कर्तव्यही प्रथम तिच्याकडे येते. मावळातील एखाद्या खाचराच्या बांधावर रिकामा डबा ओढ्यात भिरकावण्यासाठी हात उचलला जातो, तेव्हा त्या ओढ्याच्या दुसऱ्या टोकास घाटाच्या पायरीवर कोणी वारकरी ओंजळ भरून घेत असतो. त्या दोघांची भेट कधी होणार नाही. परंतु पहिल्याचा हात वेळीच थांबला, तर दुसऱ्याची ओंजळ तेवढी निर्धोक होईल.